घर, आगर आणि वाट



चिटणिसांचे पत्र आम्हांला फाल्गुनात मिळाले. 'ग्रामीण जीवन' या विषयावर बोलावे असे त्यात सुचवले होते. विषय वाचून आम्ही थोडे घाबरलो. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मोठा विद्वान हवा, किंवा निवडणुकीला उभा राहिलेला मनुष्य तरी हवा. आम्ही दोन्हींपैकी काही नाही. म्हणून आम्ही तो विषय आमच्या मापाचा करून घेतला आहे. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरचे एक घर, त्या घरामागचे आगर, त्या घरातली चूल आणि त्या घरापर्यंत येणारी वाट, एवढ्यापुरतेच आज बोलणार आहोत. 'आम्ही' असे म्हणतो ते मोठेपणा म्हणून नव्हे. घरात आम्ही दोघे आहोत, आणि जे काही बरेवाईट केले ते दोघांनी मिळून केले आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. ही कबुली आहे. 2011 साली नोकऱ्या संपवून आम्ही गावी राहायला गेलो, आणि पुढच्या सात वर्षांत आमच्या विहिरीचे पाणी आम्ही मचूळ करून ठेवले. आमच्या एकट्याच्या विहिरीचे असते तर घरचा प्रश्न म्हणून गप्प बसलो असतो. शेजारच्या विहिरीचेही केले. हे कसे घडले ते आपणांस सांगायचे आहे. कारण हा मे महिना आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी निदान निम्म्या मंडळींची कोकणात जाण्याची आरक्षणे झालेली असणार.

प्रथम घराकडे वळू. आमचे घर जांभ्या दगडाचे आहे. आमच्याकडे त्याला चिरा म्हणतात. हा दगड मोठा गुणी. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासून त्याला चौकोनी आकार देता येतो; पण वारा लागला की तो घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश अंमलदाराने मलबारात हा दगड पाहिला. लोक तो विटेप्रमाणे कापून घरे बांधतात हे पाहून त्याने 1807 सालच्या आपल्या ग्रंथात त्याला लॅटराइट असे नाव दिले; लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. साहेबाने नाव दिले, परंतु आपल्या गवंड्यांना गुण आधीच ठाऊक होता. या दगडाला असंख्य छिद्रे असतात. त्यामुळे भिंत उन्हाळ्यात लवकर तापत नाही. मात्र पावसात ती पाणीही पिते. तात्पर्य, असे घर बांधणाऱ्याला भिंतीपेक्षा छपराची काळजी जास्त.

ही काळजी किती, ते पुणेकरांना एका आकड्याने सांगतो. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दापोलीला साडेतीन हजार. म्हणजे आपला पाचपट पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून जोते उंच, छपराचा उतार तीव्र आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात एवढे पुढे आलेले वळचण. पूर्वी छपरावर कुंभाराने केलेली नळीची कौले असत. 1865 साली बासेल मिशनच्या मंडळींनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती चपटी, एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौले समुद्रमार्गे साऱ्या किनाऱ्यावर पसरली. कौल कोणतेही असो, दर वर्षी वैशाखात घर शाकारावे लागते. फुटके कौल काढायचे, सरकलेले बसवायचे, वानरांनी उड्या मारून केलेला घोळ निस्तरायचा. पश्चिमेच्या पडवीला माडाच्या विणलेल्या झापा बांधायच्या, म्हणजे वाऱ्याबरोबर आत येणारा पाऊस भिंतीवर बसत नाही.

घराची रचना आपण पाहिली असेल. पुढे खळे, मग पायऱ्या, ओटी, माजघर, त्याला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, मग मागची पडवी, मागीलदारी न्हाणी आणि विहीर. पाहुण्याला ओटी दिसते आणि तो घर पाहिले असे म्हणतो. परंतु घर चालते ते मागीलदारी. न्हाणीचे सांडपाणी एका दांडाने केळींना जाते, भांडी घासलेले पाणी अळवाला जाते, चुलीतली राख भांड्यांना आणि उरलेली माडाच्या आळ्यात जाते. गोठ्यातले शेण निम्मे सारवणाला आणि निम्मे खतात जाते. वाया जाण्यासारखे फारसे काही नसतेच. काटकसरीचा उपदेश कोणी केला म्हणून हे घडत नव्हते. प्रत्येक घागर हाताने ओढावी लागे, म्हणून घडत होते.

मागीलदारातून बाहेर पडले की आगर सुरू होते. आगर म्हणजे काय, हे देशावरच्या माणसाला एकदम कळत नाही. बाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एका जातीच्या झाडांच्या रांगा येतात. आगरात मजले असतात. सगळ्यांत वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीच्या अंगावर चढलेली मिरीची वेल, मधूनमधून जायफळ, खाली केळी, अननस आणि हळद. एकाच जमिनीत प्रत्येकाने आपल्याला पुरेल एवढा उजेड उचललेला असतो. गोव्यात अशाच लागवडीला कुळागर म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना 1972 साली झाली. त्याच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने माडाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी यांची आखीव आंतरलागवड करून दाखवली आणि तिला 'लाखीबाग' हे नाव दिले. नाव नवे, परंतु कल्पनेचे बीज जुन्या आगरातच होते. विद्यापीठाने तिला मोजमाप दिले, आणि ते काम थोडे नव्हे.

या आगराचा सारा जीव पाण्यात. आपणांस प्रश्न पडेल की, साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याची काळजी कसली? हाच कोकणचा विरोधाभास आहे. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची पट्टी जेमतेम पन्नास किलोमीटर रुंद, उतार तीव्र, नद्या आखूड. डोंगरावर पडलेला पाऊस थोड्याच वेळात समुद्राला मिळतो. आणि जे मुरते ते सच्छिद्र जांभ्यातून झिरपून निघून जाते. श्रावणात ओढ्याच्या आवाजाने झोप लागत नाही, आणि वैशाखात त्याच ओढ्याच्या पात्रात पोरे विटीदांडू खेळतात.

किनाऱ्यावरच्या विहिरीची गोष्ट तर याहून नाजूक आहे. आमच्या आगराच्या पलीकडे केवड्याचे बन, मग वाळू, मग समुद्र. असे असूनही विहिरीचे पाणी गोड कसे? पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते, आणि ते खाऱ्या पाण्याहून किंचित हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला आहे. समुद्रसपाटीच्या वर जर एक फूट गोडे पाणी उभे असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर असतो. ऐकायला हे फार सुखाचे वाटते. पण हाच हिशेब उलटा वाचा. विहिरीची पातळी कायमची एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी चाळीस फूट वर येऊ पाहते. एका फुटाला चाळीस फूट व्याज! असा सावकार पृथ्वीवर दुसरा नसेल.

पूर्वी विहिरीवर रहाट होता. मातीच्या लोट्यांची माळ, वर लाकडी चक्र आणि ते फिरवणारा बैल किंवा रेडा. पहाटे रहाटाची कुरकुर सुरू होई, पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून एकेका आळ्यात जाई. उन्हे चढली की रेडा थांबे. कितीही मारा, तो पुढे पाऊल टाकत नसे. तो थांबला की विहीर श्वास घेई. संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा आपल्या जागेवर येई. जनावराच्या दमण्यावर विहिरीचे आयुष्य अवलंबून होते हे आम्हांला फार उशिरा समजले. पंप दमत नाही, हीच त्याची थोरवी आणि हाच त्याचा दोष.

आता चुलीकडे येऊ. कोकणातल्या जेवणाविषयी देशावर दोन समज आहेत. एक, ते रोज मासळी आणि आंबे खातात. दुसरा, ते फार गरिबीचे खातात. दोन्ही अर्धवट आहेत. तिथले जेवण पावसाच्या बाजूने पाहावे लागते. मिरगाचा पाऊस लागला की होड्या वर ओढल्या जातात. सरकारी नियमानेही 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते. जुन्या काळी नदीनाल्यांना पाणी आले की तालुक्याच्या गावाची वाटही बंद होई. तेव्हा चार महिने पुरेल एवढे सारे घरात असावे लागे. याला आगोटीची बेगमी म्हणत. लाकूडफाटा, भात, कुळीथ, मीठ, सुकी मासळी, लोणची, पापड, आमसुले. घरच्या बाईचे सारे व्यवस्थापन एप्रिल-मे या दोन महिन्यांत पणाला लागे.

एका आमसुलाचीच गोष्ट घ्या. रातांबे पिकतात एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पाऊस अगदी दाराशी येऊन ठेपलेला असतो. फळ फोडून गर आणि बिया काढायच्या, साले उन्हात घालायची. त्यांना मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा वाळवायचे, पुन्हा बुडवायचे. अशी अनेक पुटे दिली की साल काळसर, मऊ आणि टिकाऊ होते. रस मीठ घालून ठेवला की आगळ झाले. सालात साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सरबताचे अमृतकोकम झाले. बियांपासून जे घट्ट तेल निघते ते पावसात भेगाळलेल्या टाचांना लावायला. एका फळाचे चार जिन्नस, आणि हाताशी वेळ तीन आठवडे. मध्येच वळवाचा पाऊस आला तर अंगणातली सगळी साले घेऊन धावायचे. 2016 साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. कोकमाला ते मिळाले याचा आम्हांला आनंद आहे. उन्हात साले पसरणाऱ्या हातांना अजून कोणतेच मानांकन नाही.

फणसाचेही तसेच. कोवळा असताना त्याची भाजी. कापा पिकला की गरे. बरका पिकला की त्याच्या रसाचे सांदण आणि उरलेल्या रसाची साठे. आठळ्या वाळवून ठेवल्या की आषाढात कुळथाच्या पिठल्याबरोबर भाजून खायच्या. पाऊस पडला की रानात टाकळा, फोडशी, भारंगी उगवतात. नागपंचमीच्या सुमारास हळदीच्या पानातले पातोळे होतात. हे सारे आज शहरात महोत्सव भरवून खाऊ घालतात. घालोत बिचारे. परंतु आपल्या लक्षात एक गोष्ट यावी. हे पदार्थ हौसेतून निर्माण झाले नाहीत. जी वस्तू आठ दिवसांत नासणार ती आठ महिने कशी टिकवावी, या विवंचनेतून ते निर्माण झाले. चव मागाहून आली.

ही विवंचना का होती? कारण वाट नव्हती. आता वाटेविषयी बोलतो.

आमच्या गावापासून मुरुड लांब नाही. त्या मुरुडला महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे बालपण गेले. विद्यार्थी असताना एका परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले, सह्याद्री चढून, पावसापाण्यातून. आणि तिथे पोचल्यावर वय फार लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. तसेच परत आले. आपण सर्वांनी ही गोष्ट त्यांच्या थोरवीची म्हणून ऐकली आहे, आणि ती आहेच. परंतु ती त्या काळच्या कोकणच्या वाटेचीही गोष्ट आहे. गावातून बाहेर पडायचे तर पुढे समुद्र आणि मागे डोंगर. होडी चालू असेल तर मुंबई, नसेल तर पाय.

गावातल्या गावातही वाट म्हणजे पाखाडी. दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे, मधून दगडी पायऱ्या, ओढ्यावर लाकडी साकव, आणि प्रत्येक आगराच्या तोंडाशी गुरे आत येऊ नयेत म्हणून बेडे. 1948 साली पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस. टी. धावली, ती तालुक्यातालुक्यांतून फिरत खेडोपाडी पोचली. खाड्यांनी मात्र किनारा तुकड्यातुकड्यांत कापलेला. बाणकोटची, दाभोळची, जयगडची अशी एकेक खाडी आडवी येते. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, पण गाडीने जायला तास-दोन तासांचा वळसा. आता काही ठिकाणी मोटारी घेऊन जाणाऱ्या फेरीबोटी आहेत आणि तो वळसा वाचतो. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे सुरू झाली. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस आणि ई. श्रीधरन यांची नावे त्या कामाशी कायमची जोडलेली आहेत. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल ज्याने पाहिला, त्याला त्या कामाची किंमत सांगावी लागत नाही.

वाट झाली, फार चांगले झाले. आजारी माणसाला डोलीत घालून न्यावे लागते त्या दिवसांविषयी आम्हांला मुळीच हळहळ नाही. बाळंतिणी वाटेत दगावत. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्याने आधी त्या पाखाडीवरून रात्री रुग्णाला खाली आणून पाहावे. पण वाटेला दोन दिशा असतात. पहिल्या दिशेने गावची माणसे गेली. आमच्या वाडीत सोळा घरे आहेत; त्यांतली नऊ वर्षातून अकरा महिने बंद असतात. सातबाऱ्यावर एकेका घराची वीस-पंचवीस नावे, त्यांतली काही मुंबईत, काही पुण्यात, काही अमेरिकेत, आणि काही मंडळी या जगातच नाहीत. घर शाकारायचे तर कोणी, आणि विकायचे तर सह्या कोणाकोणाच्या? बंद घर फार दिवस उभे राहत नाही. एक कौल सरकते, वासा भिजतो, तिसऱ्या वर्षी छप्पर बसते. माणसाच्या राहण्याने घर झिजत नाही, टिकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिशेने पाहुणे आले. आणि इथे आमची स्वतःची गोष्ट सुरू होते.

आम्ही गेलो तेव्हा निवृत्तिवेतन होते, पण जुने घर चालवायला ते पुरेना. शाकारणीची मजुरी, पाडेल्याची मजुरी, पंपाचे बिल. नारळाला येणारा भाव आणि नारळ पाडण्याची मजुरी यांत काही वर्षी फारसा फरक उरत नाही. शेजारच्या गावांतून लोक पाहुण्यांसाठी खोल्या बांधत होते. आम्हीही 2013 साली दोन बांधल्या. पाहुणे आले, खूश झाले. चार बांधल्या. मग सहा. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर, वर तुषारस्नानाची सोय, गच्चीवर टाकी. पाहुण्यांची मुले खळ्यात खेळताना पायांना माती लागते म्हणून खळ्याचे सारवण काढून अर्ध्या भागात फरशी घातली आणि अर्ध्या भागात हिरवळ लावली. हिरवळ! किनाऱ्यावरच्या वाळूत, चैत्र-वैशाखात. सांडपाण्याचा वास नको म्हणून न्हाणीचा दांड बुजवून सारे पाणी बंद टाकीत सोडले. त्या वर्षी मागीलदारच्या केळी वाळल्या. केळी काय, पुन्हा लावता येतील, असे म्हणून आम्ही तिकडे पाहिले नाही.

हिशेब सोपा होता. मांडला असता तर. आमच्याकडे साठ माड. उन्हाळ्यात एका माडाला रोज तीस-चाळीस लिटर पाणी धरले तर दोन हजार लिटर झाले. सहा खोल्यांत अठरा माणसे. शहरी माणसाला दरडोई 135 लिटर लागतात असे नगररचनेचे पुस्तक सांगते. म्हणजे आणखी सुमारे अडीच हजार. चादरी-पंचे धुण्याचे वेगळे, आणि हिरवळीचे तर कोणी मोजलेच नाही. विहीर तीच. आजोबांच्या वेळी जेवढे पाणी निघत असे त्याच्या दुपटीहून अधिक आम्ही काढू लागलो, आणि ते नेमके त्याच दोन महिन्यांत, जेव्हा विहिरीत सर्वांत कमी असते.

2018 सालच्या एप्रिलात एके दिवशी शेजारच्या काकू मागीलदारी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, घरात एकट्या. हातात वाटी. वाटीत तुरीची डाळ, अर्धवट शिजलेली, दाणा न दाणा सुटा.

"अगो, आठ दिवस झाले, डाळ शिजत नाही हो. म्हटले डाळच जुनी असेल. काल नवी आणवली, तीही अशीच. तुझ्याकडे शिजते का?"

आमच्याकडे शिजत होती, कारण पाहुण्यांसाठी पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी आम्ही बाटल्यांतून विकत आणत होतो. आम्ही त्यांच्या विहिरीचे पाणी चाखले. मचूळ. मग आमच्या विहिरीचे चाखले. तेही मचूळ. आपल्या विहिरीचे पाणी आम्ही किती महिन्यांत तोंडात घेतले नव्हते ते त्या दिवशी कळले. काकूंनी आम्हांला दोष दिला नाही. "समुद्र आत येतो आहे हो, सगळीकडेच येतो आहे म्हणतात," एवढेच म्हणाल्या आणि वाटी घेऊन गेल्या. त्या रागावल्या असत्या तर आम्हांला बरे वाटले असते. समुद्र चालून आला नव्हता. आम्ही त्याला पंपाने बोलावून आणला होता.

त्यानंतर आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात पराक्रम काही नाही. हिरवळ त्याच आठवड्यात काढली. सहापैकी चार खोल्या बंद केल्या. तुषारस्नान काढून न्हाणीघरात बादली आणि तांब्या ठेवला. पंप सकाळी एक तास आणि संध्याकाळी अर्धा तास, मध्ये विहिरीला विसावा. म्हणजे रेड्याचे वेळापत्रक आम्ही पंपाला लावले. न्हाणीचा दांड पुन्हा उघडला. खळ्यावरची फरशी उखडली आणि पहिल्यासारखे सारवण केले, म्हणजे पडणारे पाणी निदान जमिनीत तरी जाईल. छपराच्या पन्हळी पाखाडीवर पडत होत्या, त्या वळवून विहिरीपासून थोड्या अंतरावरच्या शोषखड्ड्यात सोडल्या. आमचे छप्पर 1,500 चौरस फुटांचे आहे. त्यावर वर्षाला पावणेपाच लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. इतकी वर्षे ते सारे आम्ही समुद्राला देत होतो, आणि उन्हाळ्यात त्याच समुद्राकडून खारे पाणी परत घेत होतो.

दोन पावसाळ्यांत पाण्याचा मचूळपणा कमी झाला. आम्हांला वाटले, सुटलो. तेवढ्यात 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. सकाळी सुरू झालेला वारा दुपारी टिपेला पोचला. आम्ही माजघरात बसून होतो. बाहेर पोफळी मोडण्याचा आवाज येत होता. काडी मोडावी तशा त्या एकामागून एक मोडत होत्या. संध्याकाळी दार उघडले तेव्हा आगरातून थेट समुद्र दिसत होता. तो तिथून यापूर्वी कधीच दिसला नव्हता. साठांपैकी एकवीस माड गेले, पोफळी पाऊणशे उरल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे, माडालाही तेवढीच किंवा थोडी अधिक. वयाच्या सत्तरीकडे आलेल्या माणसाने माडाचे रोप लावावे की नाही, हा प्रश्न त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा बोलला गेला.

मुंबईहून भावांचा फोन आला. आता हे पुरे झाले, जागेला चांगला भाव येतो आहे, विकून मोकळे होऊ. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. विकत घेणारा सहाच्या जागी चोवीस खोल्या बांधणार हेही उघड होते. आम्ही दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी काकूंच्या विहिरीचे पाणी आणून डाळ शिजायला ठेवली. ती शिजली. अगदी मेणासारखी नव्हे, पण शिजली. मग भावांना कळवले की, आम्ही असेपर्यंत तरी नाही. विहीर आमच्या सातबाऱ्यावर असली, तरी तिच्याखालचे पाणी आमच्या एकट्याच्या नावावर नाही. ते आम्ही एकदा परस्पर खर्च केले होते. पुन्हा दुसऱ्याच्या हाताने करवणार नाही. त्या पावसाळ्यात आम्ही तीस माड लावले. त्यांतले पाच गेले, पंचवीस उभे आहेत.

म्हणून, मंडळी, आमचे आजचे सांगणे फार मोठे नाही. गावात राहणे म्हणजे निसर्गाच्या सान्निध्यात राहणे, असे वर्णन आम्ही वाचतो. निसर्गाचे सान्निध्य बाकावर बसूनही मिळते. गावात राहणे म्हणजे आपल्या न्हाणीतले पाणी कुठे जाते आणि आपल्या पंपाने कोणाच्या घरातली डाळ शिजायची थांबते हे ठाऊक असणे. घर, आगर, चूल आणि वाट ही वेगवेगळी खाती नाहीत. एकाच वहीतली ती चार पाने आहेत, आणि एका पानावर उधळपट्टी केली की दुसऱ्यावर तूट दिसते.

आपल्यापैकी जे येत्या आठवड्यात तिकडे पाहुणे म्हणून जाणार आहेत, त्यांनी अवश्य जावे. गावाला पाहुण्यांचा आधार आहे, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. मात्र ज्या घरी उतराल तिथे बादली-तांब्या दिला तर यजमानाला मागासलेला म्हणू नका. जमल्यास विहिरीचे पाणी एक घोट पिऊन पाहा आणि कसे लागले ते त्याला खरे सांगा. ज्यांची स्वतःची घरे तिकडे बंद आहेत, त्यांनी सातबाऱ्यावरच्या नावांचा निकाल आपल्या हयातीत लावावा. पुढच्या पिढीत त्या पंचविसांची पन्नास होतील. आणि शक्य असेल त्यांनी एकदा तरी मे सोडून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जावे. आंबे संपलेले असतात, समुद्रात पोहता येत नाही, वीज गेलेली असते. पण कौलांवर पाऊस वाजत असतो, चुलीवर कुळथाचे पिठले असते, आणि आपण शाकारलेले घर गळते की नाही हे त्या रात्री कळते. त्या घराची परीक्षा तीच असते, आणि मालकाचीही.

काकू मागल्या वर्षी गेल्या. त्यांचे घर आता बंद असते. त्यांच्या मुलाने किल्ली आमच्याकडे ठेवली आहे. दर वैशाखात आम्ही आमच्याबरोबर त्यांचेही घर शाकारून घेतो आणि आठवड्यातून एकदा त्यांच्या विहिरीचे पाणी चाखतो. पाणी गोड आहे.